कलमाले ताण देत नाहीत

यमे, दार लोटून घे वं, आणि बसा सगळ्या, मी एका दमात सांगते. मेसवाल्या इंदूबाईनं आताच तवा ठेवला. तिच्या भाकरी होऊन डबा भरेपर्यंत जेवढा टाइम आहे तेवढाच माह्याजवळ आहे. डबा भरला की मी चालली रामदासपेठेत, मंग तुमी कितीबी आवाज द्या. वैनीच्या पोटात सुई आहे, सुईच्या मागं नळी आहे, नळीच्या मागं मशीन आहे, आणि त्या मशीनले समजत नाही का वैनी जेवली का नाही. म्हणून डबा टायमावर गेला पाहिजे. आता तुमची तोंडं अशी झाली म्हणजे तुमाले काहीच समजलं नाही. थांबा ना, पहिलेपासून सांगते.

माह्या वैनीले तुमी पाह्यलंच आहे. पुष्पलता. गणपतीच्या टायमाले आली होती ना हॉस्टेलवर चकल्या आणि करंज्या घेऊन? सगळ्याइले आग्रह करून करून खाऊ घातलं आणि स्वतः एक करंजी नाही खाल्ली. यमू तेव्हा म्हणे, तुझी वैनी भल्ली फिगरवाली आहे बाप्पा. फिगर नाही वं, तिले साखर आहे. लहानपणापासून. म्हाताऱ्या लोकाइची गोळ्यावाली नाही, सुईवाली. सकाळी एक सुई, संध्याकाळी एक सुई. सुई जास्त झाली नाहीतर पोटात अन्न कमी पडलं, तं घाम सुटते, बोलता बोलता भलतंच बोलते आणि धपकन पडते. सुई कमी झाली तं साखर चढते, ते आणखीनच वाईट.

लग्नाची गोष्ट ऐका पहिले, तिचं पुढं काम आहे. वैनीचे वडील काटोलले संत्र्याचे अडत्ये. आमचं गाव नरखेडच्याबी पलीकडं, तिथून आमचे बाबा दरवर्षी माल काटोलले त्याइच्याच अडतीवर टाकतात. बाबा म्हणजे रामाजी, गावात कोणालेबी विचारा, संत्र्याच्या झाडाशी बोलणारा माणूस म्हणून सांगतीन. तं बाबा अडतीवर बसले होते, दादासाठी पोरगी पाह्याचं त्याइच्या मनात होतं, पण तिच्या बापापुढं तोंडानं अजून काही काढलं नव्हतं. ही आतून पाणी घेऊन आली आणि सरळ म्हणते, "काका, तुमी देवरावसाठी मले पाहून राहिले असं ऐकलं. मले साखर आहे. रोज सुई घ्या लागते, कधी भोवळ येऊन पडते. आत्ताच सांगून ठेवते, मंग म्हणू नका."

तिच्या बापाचा चेहरा असा पडला जसा होळीनंतर भाव पडते. आणि आमचे बाबा काय म्हणाले असतीन? "इतकी वर्सं झाली या अडतीवर येऊन राहिलो, पन मालातला डाग मालकानं स्वतःहून दाखवला, असं आज पहिल्यांदा झालं." घरी येऊन मायले सांगितलं, पोरगी पक्की. माय लय दिवस त्याइच्याशी बोलली नाही. मंग वैनी घरात आली, आणि आता असं आहे का मायचं वैनीशिवाय पान हालत नाही.

दादा सुई द्यायले शिकला तो संत्र्यावर. खरंच वं. कंपाउंडरनं सांगितलं का संत्र्याची साल माणसाच्या चामडीसारखी असते, त्याच्यावर हात बसवा. आमच्या घरी संत्र्याले काय तोटा. दादानं टोपलंभर संत्र्याइले पाण्याच्या सुया दिल्या आणि माय वरून म्हणे, "आता हे बिचारे बरे झाले असन तं खाऊन घ्या." तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ काचेची पिचकारी उकळून दादाच सुई देते. एक दिवस चुकला नाही. बाहेरगावी लग्नाले गेला तरी संध्याकाळच्या गाडीनं वापस.

आणि लघवी तपासाची ती काचेची नळी. निळं औषध असते, त्यात लघवीचे थेंब टाकाचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवाचं. निळंच राहिलं तं साखर नाही, हिरवं झालं तं थोडीशी, पिवळं झालं तं जास्त, नारिंगी झालं तं बम जास्त, आणि विटेवानी लाल झालं तं सरळ नागपूरची गाडी पकडा. बाबाचं सुरुवातीले उलटंच होत होतं. नळी नारिंगी झाली का बाबा दुरून खूश, "वा, रंग धरला." वैनी हसून म्हणे, "मामाजी, हे संत्रं नोहे. हे कच्चंच चांगलं." तेव्हापासून आमच्या घरी तसंच बोलतात. "आज काय गा देवराव?" "आज कच्चं आहे बाबा." मंग सगळ्याइले चहा गोड लागते, वैनीचा बिनसाखरेचा धरून.

आता मेन गोष्ट. वैनीले लेकरू पाहिजे. लग्नाले चार वर्सं झाली. मायनं एका शब्दानं कधी म्हटलं नाही, पण वैनी आंगणवाडीतल्या पोराइचे केस विंचरत बसते दुपारी, हे सगळ्याइले दिसते ना. रामदासपेठेतल्या डॉक्टर वझलवारांकडे ती दोन वर्सापासून येते. त्याइनं साफ सांगितलं, साखर अशी वर-खाली उड्या मारत असन तोपर्यंत लेकराचा विचार करू नका. आईलेबी धोका, पोटातल्या जीवालेबी. पहिले काही महिने साखर एका जागी बसली पाहिजे. वैनीची बसेच ना. दोन सुयांत तिचं भागत नव्हतं. मंग मागच्या दिवाळीत डॉक्टर म्हणाले, मी विलायतेहून येताना एक मशीन आणली आहे, इन्शुलिनचा पंप म्हणतात. तुमच्यासारख्या पेशंटसाठीच आहे. पण एकच आहे, आणि ज्याचं जेवणखाण, तपासणी एकदम नेमानं आहे अशालाच लावता येते. जानेवारीत या, तोपर्यंत रोज नळी तपासा, मग ठरवू.

वैनी घरी आली ती असं ठरवूनच आली का जानेवारीपर्यंत नळी निळीच दिसली पाहिजे. नाहीतर मशीन दुसऱ्या कोणाले जाईन, आणि मशीन गेली तं लेकरू गेलं. असं तिच्या डोक्यात बसलं.

आता यापुढचं मले, मायले, दादाले, कोणालेच माहीत नव्हतं, ते डॉक्टरच्या खोलीत बाहेर निघालं. पण मी तुमाले आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमी मधी मधी काहून काहून करत बससान.

तुमी सगळ्या काही संत्र्यावाल्या नोहे, म्हणून सांगते. हिवाळ्याच्या सुरुवातीले आमी झाडाचं पाणी तोडतो. मुद्दाम. महिना, दीड महिना, थेंब नाही. पानं मलूल होतात, गळतात. याले ताण देणं म्हणतात. मंग जानेवारीत खत टाकून एकदम पाणी सोडाचं, म्हणजे ताण तोडला. मंग झाड असं फुलते का बगीच्यात मान वर करून चालता येत नाही, वासानं डोकं गरगरते. तोच आंबिया बहार. त्याच्यावर आमचं सगळं घर चालते.

तं नोव्हेंबरात बाबानं पाणी बंद केलं आणि वैनी बांधावर बसून पाहत होती. तिनं विचारलं, "मामाजी, चांगल्या झाडाले तहानलेलं काहून ठेवता?"

बाबा म्हणे, "झाड सुखात असलं का नुसते पानं काढते पोरी. त्याले थोडी तहान कळली का मंग ते बहार धरते."

वैनीनं झाडाकडं पाह्यलं. मंग म्हणते, "मामाजी, मले ताण दिला तं?"

बाबा पहिले हसले म्हणे. पण मंग त्याइलेबी ते पटलं. पाहा ना, अन्नानंच साखर वाढते, हे तं डॉक्टरच सांगतात. अन्न तोडलं तं साखर उतरन. जानेवारीत मशीन लागली का ताण तोडाचा. मंग बहार. बाबाच्या डोक्यात तं ते एकदम बगीच्यासारखं बसलं, आणि दोघाइनं ठरवलं का देवरावले आणि मायले सांगाचं नाही, ते घाबरतीन.

मंग काय, माय दुपारची शिदोरी बगीच्यात पाठवे, दोघाइची. वैनी नुसतं ताक प्यायची आणि बाबा तिच्या वाटच्याबी भाकरी खायचे. अन्न फेकाचं कसं, म्हणून. सकाळी दादा सुई देते ती पुरीच्या पुरी, कारण त्याले काय माहीत. नळी पाह्यली तं निळी. कधी हिरवट. दादा खूश, माय खूश, बाबा आणि वैनी एकमेकाकडं पाहून गालातल्या गालात हसून राहिले.

आणि मंग एक दिवस संत्र्याच्या ढिगाजवळ वैनी पडली. घामानं ओलीचिंब. दादानं गुळाचं पाणी पाजलं, शुद्धीवर आली, तशी भूक अशी लागली तिले का दोन दिवस जे दिसन ते खाल्लं. नळी विटेवानी लाल. दादा रडकुंडीले आला, नागपूरची गाडी पकडू म्हणे, वैनीच तयार होईना. आणि आमचे बाबा वैनीले कानात काय सांगतात, "घाबरू नोको. ताण तुटला का झाड असंच पानी पेते. पुन्हा धरू." आणि पुन्हा धरला. पुन्हा पडली. म्हणजे त्या दोघाइच्या हिशोबानं सगळं बरोबरच चाललं होतं, समजलं काय? झाड मलूल होऊन राहिलं म्हणजे ताण लागून राहिला.

नाताळच्या सुट्टीत मी घरी गेली तं मायले म्हटलं, "वैनी वाळली वं, आणि बाबा काहून सुटले इतके?" माय म्हणे, "त्याइले या वयात बहार आला." तेव्हा मीबी हसली.

मंग सोमवारी आले सगळे. पहाटेच्या एसटीनं. मी स्टँडवर घ्यायले गेली तं बाबाच्या खांद्यावर संत्र्याची करंडी, मायच्या हातात दशम्या, दादाच्या हातात पिचकारीचा डबा, आणि वैनी मधात, नवं पातळ नेसून, जशी परीक्षेले चालली.

डॉक्टरनं मशीन काढून टेबलावर ठेवली. लहान ट्रान्झिस्टर असते ना, तेवढी. त्याच्यात इन्शुलिनची पिचकारी आडवी बसते, तिच्यातून बारीक नळी निघते, नळीच्या टोकाले सुई, ती सुई पोटाच्या चामडीखाली टोचून पट्टी लावाची. दिवसरात तिथंच. मशीन थेंब थेंब देत राहते, झोपेतबी. आणि जेवाच्या टायमाले आपण बटन दाबाचं, मंग थोडं जास्त देते.

माय जवळ जाऊन म्हणे, "हळदीकुंकवाले गेली तं पातळातून दिसन काय हे?"

डॉक्टर म्हणाले, "कापडाची पिशवी शिवा. कमरेला बांधली की दिसत नाही."

"मंग शिवतो," माय म्हणे, म्हणजे तिच्याकडून पास.

दादानं विचारलं, "बिघडली तं?"

"तर तुम्ही आहात," डॉक्टर म्हणाले. "सुई निघाली, नळी तुंबली, काही झालं, तर काही तासांत साखर चढते, कारण अंगात मागे साठा काहीच नसतो. म्हणून तुमची पिचकारी उकळून तयार पाहिजेच. रोज तीन-चार वेळा तपासणी पाहिजे. आणि रात्री बॅटरी चार्ज करायला वीज."

"आमच्या गावात लाइन कधी येते," बाबा म्हणे, "ते लाइनमनच्या बापालेबी माहीत नसते."

डॉक्टर हसले. मंग बाबा त्या मशीनकडं वाकून वाकून पाहत होते, हात नाही लावला, आणि एकदम म्हणाले, "डाक्टरसाहेब, हे तं आमी करतो."

"काय करता?"

"नवं कलम लावलं का त्याच्या बाजूले कच्च्या भाजनीचं गाडगं पुरतो. तोंडावर झाकन. त्याच्यात पानी भरून ठेवाचं. थे आपलं पाझरत राहते, थेंब थेंब. कलम मरत नाही उन्हाळ्यात. हे तुमचं गाडगंच होय ना?"

डॉक्टरनं चष्मा काढला. म्हणाले, "रामाजी, मी हे समजवायला पेशंटपुढे अर्धा तास चित्रं काढत बसतो. आता गाडगंच सांगेन."

"आनून देईन एक," बाबा म्हणे, एकदम भारी वाटून राहिलं होतं त्याइले.

"पण एक फरक आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या गाडग्याजवळची माती ओली असली तर?"

"तं थे पाझरत नाही. जमीनच वढून घेत नाही ना पानी."

"हां. ही मशीन थांबत नाही. तिला काही कळत नाही. माणूस जेवला की उपाशी आहे, तिला माहीत नसतं. ती आपली देत राहते. म्हणून मी पेशंटला एकच विचारतो. जेवण वेळेवर आहे ना?"

तुमाले सांगते, वरच्या मजल्यावर खाट तयार होती. नर्सबाईनं चादर घालून ठेवली होती. वैनीनं फक्त "हाव" म्हणाचं होतं. माय तं लगेच बोलली, "टायमावर म्हणजे काय, मी स्वतः बांधून देतो शिदोरी, दोन भाकरी, भाजी, वरण." दादानंबी मान हालवली.

डॉक्टर म्हणाले, "मग एक समजत नाही. डिसेंबरात या दोनदा बेशुद्ध पडल्या. जेवण वेळेवर, सुई वेळेवर, तर का?"

बाबा खोकले. मी वैनीकडं पाह्यलं तं ती पातळाचा पदर बोटाले गुंडाळत होती, सोडत होती, गुंडाळत होती. मले वाटलं पडते आता.

मंग म्हणते, "डॉक्टरसाहेब, मी जेवत नव्हती. मी ताणावर होती."

"कशावर?"

आता बाबा उठूनच उभे झाले. "तिचं नोका आयकू. माही आयडिया होती थे. पानी तोडल्याशिवाय बहार येत नाही म्हनून मीच म्हटलं."

"नाही मामाजी, मी विचारलं तुमाले."

"तू विचारलं, पन हाव कोनी म्हटलं?"

"पण उपाशी कोण राहिलं? मी राहिली ना."

"मंग खाल्लं कोनं? मी खाल्लं ना."

माय इतका वेळ एकाच्या तोंडाकडं, मंग दुसऱ्याच्या तोंडाकडं पाहत होती. आता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे माह्या सुनेच्या भाकरी," ती बाबाले म्हणे, "या पोटात गेल्या?" आणि सगळ्याइनं बाबाच्या पोटाकडं पाह्यलं. सदऱ्याचं खालचं बटन खरंच लागत नव्हतं. डॉक्टर खिडकीकडं तोंड करून हसले, नर्सबाई हसली, मले तं आवरेच ना.

दादा नाही हसला.

दादा कसा आहे तुमाले माहीत आहे, दिवसभरात दहा शब्द बोलला तं पाऊस पडते. तो मायच्या बाजूले बसला होता, मांडीवर पिचकारीचा डबा. डब्याकडं पाहूनच बोलला. "मले वाटे का मोजण्यात माह्याच चुकून राहिलं. रोज उजेडात धरून तीनदा पाहत होतो पिचकारी. बुडबुडा असन म्हटलं. डोळ्याचा नंबर काढून आलो मी काटोलले." मंग बाबाकडं पाह्यलं. "पोट खाली आहे, हे मले एकानं सांगितलं असतं तं मी सुई अर्धी केली असती. तुमी दोघं मजेत होते बाबा. माह्या हातानं मेली असती ही."

 

वैनी रडली नाही, पण तिनं हात लांबवून त्याच्या मांडीवरचा डबा आपल्याकडं घेतला, जसं त्याच्यावरचं ओझं उचलून राहिली. आणि बाबा, आमचे बाबा, जे सरपंचापुढंबी खाली मान घालत नाहीत, ते हळूच खुर्चीवर बसले. म्हणे, "देवराव, कलमाले कोनी ताण देते काय रे?"

मंग स्वतःच उत्तर दिलं.

"ज्याचं मूळ खोल गेलं त्याले देतात. चार उन्हाळे पाह्यलेल्या झाडाले. कलमाले दिला तं बहार राहते बाजूले, कलमच जाते. हे मी गावाले शिकवतो. आत्ता डाक्टरसाहेबाइले गाडग्याचं सांगताना मले घाम सुटला. जिच्या बाजूले गाडगं पुराचं, तिचं मी पानी तोडून बसलो." त्याइनं उपरण्यानं तोंड पुसलं. मायनं, जिनं आत्ताच त्याइले पोटावरून टोचलं होतं, तिनं पिशवीतून पाण्याचा तांब्या काढून त्याइच्या हातात दिला.

डॉक्टर वैनीले म्हणाले, "मशीन मिळणार नाही, म्हणून लपवलं?"

"हाव," वैनी म्हणे. "आणि आता द्याची नसन तं नका देऊ. पण लपवून लावली असती आणि मी पुन्हा उपाशी राहिली असती, तं दोष याइच्या हातालेच लागला असता. म्हणून आत्ताच सांगून ठेवते, मंग म्हणू नका."

बाबानं ते ऐकलं आणि मान वर केली. काटोलच्या अडतीवर ऐकलं होतं ना त्याइनं तेच.

डॉक्टर म्हणाले, "बाई, खोटं बोलला असतात तर आज संध्याकाळी लावली असती आणि परवा पस्तावलो असतो. आता ऐका. घरी नेऊ देणार नाही. वर खाट आहे, तिथं राहायचं, माझ्या डोळ्यासमोर. मशीन लावू, पाहू. जेवण वेळेवर, कमी नाही, जास्त नाही. मशीन अंगाला मानवली आणि गावात निभेल असं वाटलं, तर न्या. नाही वाटलं, तर दिवसाला चार सुया. थोडी थोडी, जेवणाजेवणाला. त्यानंही होतं. मशीन म्हणजे काही देव नाही. दोन्ही रस्ते एकाच गावाला जातात, एक जरा पक्का, एक जरा खडबडीत."

"आणि लेकरू?" हे मायनं विचारलं. चार वर्सांत पहिल्यांदा.

"साखर काही महिने बसली की मीच सांगेन, आता हरकत नाही."

मंग वैनी दादाकडं पाहून म्हणे, "लावू काय वं मी?" नवऱ्याले कोणी बाईसारखं वं म्हणते काय? इतकी गडबडली होती. दादा हसला तेव्हा. म्हणाला, "लाव. पण सुया मी उकळूनच ठेवन."

तं अशी लावली मशीन. तिथं दवाखान्यात जेवण मिळत नाही, म्हणून डबा आपल्या मेसमधून, आणि डब्याची पोस्टमन मी. म्हणून मी कॉलेजात दिसत नाही, प्रेमात नाही पडली, जसं यमू सांगत फिरून राहिली.

आणि माहीत आहे काय, हा टाइम ताण तोडाचा आहे. बगीच्यात आज-उद्या पाणी सोडलं नाही तं झाडं वाळतीन. माह्या जन्मापासून बाबानं पहिलं पाणी दुसऱ्याच्या हातानं सोडू दिलं नाही, नारळ फोडून स्वतः पाण्याच्या दांडात उभे राहतात. वैनी त्याइले दोनदा म्हणाली, मामाजी, तुमी जा. बाबा म्हणे, "तिथं देवराव सोडन पानी. इथला ताण मी धरला, इथला मीच तोडतो." मंग दादा आणि माय गेले, बाबा राहिले. वैनीच्या खाटेजवळ स्टुलावर बसून राहतात. डबा उघडला का वैनी बटन दाबते, आणि बटन दाबलं का बाबाची नजर तिच्या ताटावरून हालत नाही. शेवटचा घास गेला का मंगच उपरणं झटकून बाहेर जातात तंबाखू मळायले. नर्सबाई म्हणे, असा सासरा मले असता तं मी जाडी झाली असती. काल वैनीनं अर्धी भाकर ठेवली तं बाबानं हात मांडीखाली दाबून घेतले. म्हणे, "मी नाही खात. आता मरून गेलो तरी तुह्या ताटातलं खात नाही. तूच खाय."

मशीन घरी न्याची का चार सुया घ्याच्या, ते अजून ठरलं नाही. वैनी रोज थोडी बदलते. काल म्हणे, न्यावं, रात्री दचकून उठणं बंद झालं. आज सकाळी म्हणे, लाइन नसली तं काय करू, आणि आंगणवाडीतले पोट्टे ती नळी ओढतीन. मी म्हटलं, "मंग?" तं म्हणते, "मशीन असो का सुया असो, जेवा तं दोन्हीत लागतेच ना प्रेमिला. तेवढं तं आता शिकली मी." आणि कालची तपासाची नळी दिवसभर हिरवट. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, एकसारखी, जशी कोणी मोजून रंग लावला. बाबानं ती नळी खिडकीजवळ नेली, उजेडात धरली, फिरवून फिरवून पाह्यली.

म्हणे, "कच्चं आहे. कच्चंच राहू दे रे देवा."

इंदूबाईनं आवाज दिला काय? दिलाच. भाकरी झाल्या. सरका वं, चप्पल कुठी गेली माही? यमे, तुह्या पायात आहे ती, दे इकडं. उशीर झाला तं बाबा फाटकापर्यंत येऊन उभे राहतात, आणि मले काही बोलत नाहीत, नुसते डब्याकडं पाहतात. त्यापेक्षा बोलले तं बरं.